तुलना एका कार्डाची, माल दुसऱ्याचा: सॉल्ट लेकमधल्या एका दुकानदारास खुले पत्र

महाशय,

तुमचं नाव, दुकानाचं नाव, ब्लॉक, गाळा यातलं काहीच मी इथे लिहिणार नाही. तुमच्यासारखे इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आणखीही असतील, चांदनी चौकात असतील, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतही असतील. पत्र त्या सगळ्यांना लागू व्हावं अशीच माझी इच्छा आहे. पण हे मुळात कोणाला लिहिलंय, ते तुम्हाला लगेच कळेल.

वर्ध्याहून सेक्टर पाचमधल्या कॉलेजात शिकायला आलेला एक पोरगा गेल्या महिन्यात तुमच्याकडे आला होता. चष्मा, पाठीला सॅक, हळू आवाज. दोन ग्राफिक्स कार्डांत त्याचं मन घुटमळत होतं: जीफोर्स जीटी ७३० की जीटी १०३०? तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत, मातीच्या भांड्यातला चहा दिलात आणि काउंटरवरच्या मॉनिटरवर दोन्ही कार्डांच्या तुलनेचा व्हिडिओ लावलात. एकाच गेममधलं एकच दृश्य, पडद्याचे दोन भाग, डावीकडे ७३०, उजवीकडे १०३०, कोपऱ्यात दर सेकंदाला किती फ्रेम्स त्याचे पळते आकडे. उजवीकडचा आकडा डावीकडच्याच्या दुपटीहून वर होता. पोराने खिशातून पैसे काढले. खानावळीचे आणि सुट्टीत घरी जायच्या तिकिटाचे पैसे वाचवून त्याने ते जमवले होते. तुम्ही मागच्या फडताळातून डबा काढून त्याच्या हातात ठेवलात.

त्या डब्यातलं कार्ड तुमच्या तुलनेतलं नव्हतं.

बिलावर ‘जीटी १०३० २ जीबी’ लिहिलंय, ते खरं आहे. डब्यावर जीटी १०३० छापलंय, तेही खरं. व्हिडिओत जीटी १०३० दाखवलंत, तेही खरं. तुम्ही एकही अक्षर खोटं लिहिलं नाहीत आणि तरी गिऱ्हाईक लुबाडलंत. तुमची सगळी कारागिरी याच एका गोष्टीत आहे. म्हणून ती उलगडून सांगणं भाग आहे, कारण तुमच्या दुकानात उद्या येणाऱ्या पोरांना ती ठाऊक नाही, त्यांच्या आईवडिलांना तर नाहीच.

जीटी १०३० हे कार्ड एनव्हिडियाने मे २०१७ मध्ये आणलं. त्यात जीडीडीआर५ जातीची दोन जीबी मेमरी होती. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, गाजावाजा न करता त्याच नावाचं दुसरं कार्ड बाजारात उतरलं. चिप तीच, जीपी१०८. कोअर तेवढेच, ३८४. मेमरीही दोन जीबीच. पण या वेळी मेमरी साधी डीडीआर४, म्हणजे आपल्या घरच्या कॉम्प्युटरच्या रॅममध्ये असते त्या जातीची. चिपचा वेगही थोडा खाली आणला होता: बूस्ट १४६८ मेगाहर्ट्झ होता तो १३७९ झाला. वीज ३० वॅटवरून २० वॅटवर आली. हे सगळं एक वेळ चालून गेलं असतं. न चालणारी गोष्ट मेमरीच्या वेगाची होती. पहिल्या कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती पोचवते, दुसऱ्याची १६.८ जीबी. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. आणि नाव? दोघांचंही जीटी १०३०.

मी हे तुम्हाला शिकवत नाही, तुम्हाला ते येतं. पण हे पत्र वाचणाऱ्या ज्या बापाने पोराला पैसे पाठवलेत त्याला कळावं म्हणून एक उदाहरण देतो. लग्नाच्या पंगतीला मुदपाकखान्यात तेवढेच आचारी ठेवले आणि वाढपी तिघांचा एक केला, तर भात शिजलेला असूनही पानं रिकामीच राहतात. ग्राफिक्स कार्डाचे ३८४ कोअर हे आचारी. मेमरीपासून कोअरपर्यंतची वाट म्हणजे वाढपी. डब्यावर आचाऱ्यांची संख्या ठळक छापतात आणि वाढप्यांची कुठेच नाही. ‘दोन जीबी, दोन जीबी’ करून तुम्ही जे सांगता ते कोठी केवढी आहे ते. कोठीतून पानात किती पोचतं ते वेगळं.

आता हिशेब मांडतो. पडदा १९२० बाय १०८० चा, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात जीडीडीआर५ वालं कार्ड मेमरीतून जास्तीत जास्त ८०० एमबीची ने-आण करू शकतं. डीडीआर४ वालं २८० एमबीची. एका फ्रेमचा शेवटचा रंग लिहायला आठेक एमबी पुरतात हे मान्य. पण त्या आधी भिंतींचे, गवताचे, चेहऱ्यांचे पोत वाचायचे, कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे त्याची नोंद पुन्हा पुन्हा तपासायची, एकाच ठिपक्यावर धूर, काच, सावली अशा अनेक थरांचे रंग चढवायचे. २८० एमबी तिथे बघता बघता संपतात. मग कोअर नुसते ताटकळत बसतात. २०१८ मध्येच अमेरिकेतल्या ‘गेमर्स नेक्सस’ने ही दोन्ही कार्डं एका यंत्रावर लावून तपासली आणि कित्येक गेममध्ये डीडीआर४ वालं कार्ड जवळपास निम्म्यावर आलेलं दाखवलं. ही माहिती तेव्हापासून जगजाहीर आहे. व्यवसाय म्हणून कार्डं विकणाऱ्याला ती माहीत नसेल, हे मी मानत नाही.

आणि तुमच्या तुलनेतल्या डाव्या बाजूचं काय? जीटी ७३० हे नावसुद्धा एका कार्डाचं नाही. २०१४ मध्ये त्या नावाखाली तीन प्रकार आले: एक जुन्या फर्मी चिपचा, ९६ कोअरचा, दुसरा केपलर चिपचा, ३८४ कोअर आणि डीडीआर३ मेमरीचा, तिसरा तोच केपलर, पण जीडीडीआर५ चा. तुमच्या पडद्यावर डावीकडे यातलं कुठलं धावत होतं? मुलाने विचारलं नाही. तुम्हाला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं का? या तिसऱ्या प्रकारातल्या मेमरीचा वेग सेकंदाला ४० जीबी आहे. म्हणजे तुम्ही ‘नवीन’ म्हणून गळ्यात मारलेल्या कार्डाच्या दुपटीहून जास्त. तेवढ्यावरून ७३० अधिक चांगलं असं मी म्हणणार नाही, कारण १०३० मधली पास्कल पिढीची चिप रंगांची माहिती दाबून पाठवण्यात बरीच तरबेज आहे आणि मोजमाप नुसत्या एका आकड्याने होत नसतं. पण ज्या तुलनेत दोन्ही बाजूंना नुसतं नाव आहे आणि कार्ड कुठलं ते नाही, ती तुलना नव्हे. ती तुमच्या दुकानाची पाटी झाली.

पोराने १०३० का निवडलं, तेही तुम्हाला त्याने सांगितलं होतं. त्याच्याकडचा पीसी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, अरुंद खोक्याचा. आत पॉवर सप्लाय छोटा, जादा वीजजोडणीची वायर नाही, पूर्ण उंचीचं कार्ड बसायला जागा नाही. मदरबोर्डाच्या खाचेतून मिळेल तेवढ्याच विजेवर चालणारं, कमी उंचीचं कार्ड हवं होतं. ३० वॅटचं १०३० हे त्याचं बरोबर उत्तर होतं. घाईने किंवा हौसेने त्याने ते निवडलं नव्हतं. आठवडेच्या आठवडे वाचून, वहीत रकाने आखून तो तुमच्या दारात आला होता. असा मुलगा गिऱ्हाईक म्हणून दारात आला तर दुकानदाराने त्याचं कौतुक करावं. तुम्ही त्याच्या अभ्यासातली एकच न भरलेली जागा हेरलीत आणि तिथूनच हात घातलात.

शिवाय ‘इस में रेकॉर्डिंग भी हो जाएगा, स्ट्रीमिंग भी’ असंही म्हणालात. जीपी१०८ चिपमध्ये एनव्हिडियाचा व्हिडिओ एन्कोडर मुळातच नाही, ना जीडीडीआर५ च्या कार्डात, ना डीडीआर४ च्या. रेकॉर्डिंगचा सगळा बोजा पुन्हा त्या जुन्या प्रोसेसरवर. हे मात्र साफ खोटं बोललात.

तो पोरगा माझ्याकडे आला तो यंत्र बगलेत मारूनच. मी इथे बरीच वर्षं आहे, आणि सेक्टर पाचमध्ये शिकणारी-नोकरी करणारी मराठी पोरं अडलं की माझ्याकडे येतात. ‘काका, कार्ड खराब आहे का बघा ना,’ एवढंच म्हणाला. मी खोकं उघडलं. कार्ड नीट बसलेलं, ड्रायव्हर नवा, पंखा फिरतोय. गेम लावला, मागे कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड चालू ठेवलं. चिपचा भार ९९ टक्क्यांवर चिकटलेला, प्रोसेसर मात्र निवांत. म्हणजे दोष जुन्या पीसीचा नाही. मग पडद्याचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणलं, तसा फ्रेम्सचा आकडा एकदम उसळला. अडकलंय ते कार्डातच, हे नक्की झालं. शेवटी जीपीयू-झेडची पहिली खिडकी पुढे घेतली आणि मेमरीच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मेमरी टाइप: डीडीआर४’. खाली बँडविड्थ, म्हणजे मेमरीचा वेग, १६.८. मुलाने आपली वही काढली. त्याच्या रकान्यात ४८ लिहिलेलं होतं. तो वहीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे मीच चुकीचं लिहून घेतलं का काका?’

महाशय, त्याच्या या प्रश्नासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही. पैसे गेले ते परत जमतील. पण अभ्यास करून आलेल्या मुलाला तुम्ही स्वतःच्या अभ्यासावरच शंका घ्यायला लावलीत.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे परत आला. तुम्ही म्हणालात, ‘एक ही चीज़ है भाई, नाम देख लो.’ नाव त्याने पाहिलंच होतं. तुम्हीही पाहिलं होतंत, आणि नावाखेरीज आणखीही काही पाहिलं होतंत. कार्डं बनवणाऱ्या कंपन्या मॉडेलच्या क्रमांकात डी५ किंवा डी४ असं घालतात. घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलताना त्या एका आकड्यावर भाव ठरतो, बिल बनतं, फडताळातली जागा ठरते. खरेदी करताना तो फरक तुम्हाला दिसतो, तर विकताना का दिसत नाही? डब्याच्या कडेला बारीक अक्षरात डीडीआर४ छापलेलं असतं, हे तुम्ही बचाव म्हणून पुढे कराल. मग तुमच्या बिलात ते का नाही? तुमच्या दरपत्रकात का नाही? तुलना दाखवताना तोंडातून का निघालं नाही?

तुलना हा तुमच्या धंद्यातला सर्वात मोलाचा भाग आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो. दोन कार्डांची तुलना म्हणजे साक्ष. साक्ष देणाऱ्याने काय पाहिलं, कुठे पाहिलं, कशावर पाहिलं ते सांगायचं असतं. यंत्र एकच हवं, ड्रायव्हर एकाच वेळचे, गेमच्या सेटिंग्ज सारख्या, गेममधली वाटही तीच. पहिली फेरी मोजायची नाही, कारण तेव्हा पोत अजून मेमरीत चढत असतात. नंतरच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि आकडे जुळतात का ते बघायचं. कोलकात्यात तर खोलीचं तापमानही लिहायला हवं. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान आणि वीज बघून आपला वेग स्वतःच वर-खाली करतात. जानेवारीत एसीच्या दुकानात, उघड्या टेबलावर काढलेला आकडा मे महिन्याच्या घामट दुपारी, पेइंग गेस्टच्या दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या बंद खोक्यात मिळेलच असं नाही. इथल्या दुकानदाराने हे सांगितलं तर गिऱ्हाईक त्याला देव मानेल.

आणि सरासरीचा आकडा एकटा कधीच दाखवू नये. एका सेकंदात ५९ फ्रेम्स दहा-दहा मिलिसेकंदांत निघाल्या आणि एक फ्रेम ४०० मिलिसेकंद अडकली, तरी सरासरी साठच्या वर येते. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात खेळणाऱ्याचा पडदा जवळजवळ अर्धा सेकंद गोठलेला असतो, आणि त्याच क्षणी तो गेममध्ये मेलेला असतो. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसनने हा मुद्दा मांडला, एकेका फ्रेमला लागणारा वेळ मोजायला सुरुवात केली आणि जगभरच्या परीक्षणांची रीत त्यातून बदलली. आज कुठलीही प्रामाणिक तुलना सरासरीबरोबर सर्वात वाईट एक टक्का फ्रेम्सचा आकडा देतेच. डीडीआर४ च्या कार्डाची खरी दैना त्या आकड्यात दिसते. तुमच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात तो आकडा नव्हता.

तुमची शेवटची ढाल मला ठाऊक आहे: ‘कंपन्याच असं करतात, आम्ही काय करणार?’ कंपन्या करतात, हे खरं आहे. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हे फाइलचं नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवायचा आणि वेग वाढवून दाखवायचा. फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक’ केलं की तो वेग गायब व्हायचा. सप्टेंबर २०१४ च्या जीटीएक्स ९७० मध्ये चार जीबी मेमरी होती, पण तिचा शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फारच हळू होता. लोकांनी ते जानेवारी २०१५ मध्ये शोधून काढलं आणि अमेरिकेतल्या दाव्यात पुढच्या वर्षी एनव्हिडियाने कार्डामागे ३० डॉलर द्यायचं कबूल केलं. जीटीएक्स १०६० च्या तीन जीबी आणि सहा जीबी प्रकारांत फक्त मेमरीचा फरक असेल असं कोणालाही वाटेल, पण कोअरही ११५२ आणि १२८० असे वेगळे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास वेगासच्या मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. त्यात एआयने मधे भरलेल्या फ्रेम्स मोजलेल्या होत्या. चारातल्या तीन फ्रेम्स गेमने काढलेल्याच नसतील, तर त्या मोजून दोन कार्डांची बरोबरी लावायची हे मला पटत नाही. मंचावर उभा राहणारा माणूस कितीही मोठा असो.

पण याच यादीतलं एक प्रकरण तुमच्या ढालीला भोक पाडतं. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. मेमरीचा फरक डब्यावर दिसत होता. आतली चिपच वेगळी आहे आणि कोअर ९७२८ च्या जागी ७६८० आहेत, हे डब्यावर दिसत नव्हतं. जगभरातून ओरड झाली. १४ ऑक्टोबरला कंपनीने स्वतः जाहीर केलं की एका नावाची दोन कार्डं गोंधळ निर्माण करतात, आणि १२ जीबीवालं मागे घेतलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आलं. म्हणजे एक नाव दोन वेगळ्या मालांना देणं चूक आहे, हे नाव देणाऱ्यानेच लेखी मान्य केलेलं आहे. फक्त ते मान्य झालं ९०० आणि १२०० डॉलरच्या कार्डांसाठी. सर्वात स्वस्त कार्डाच्या वाट्याला हा न्याय आला नाही. जीटी १०३० चं नाव कोणी बदललं नाही, कारण ते विकत घेणाऱ्यांचा आवाज तेवढा मोठा नव्हता. वर्ध्याच्या, बांकुड्याच्या, नांदेडच्या पोरांचा आवाज. कंपनीने जो गोंधळ सोडला तो निस्तरायला तुमच्यासारखा माणूस काउंटरमागे बसलेला असतो. समोरच्याला फरक सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्याची किंमत तुम्ही पोराच्या खिशातून काढलीत.

लॅपटॉपच्या बाबतीतही तुम्ही हेच करता, असं आता कानावर येतंय. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कार्ड लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे ३५ वॅटवर चालतं किंवा ११५ वॅटवर. नाव एकच, स्टिकर एकच, वेगात जमीन-अस्मानाचा फरक. नोकरीच्या पहिल्या पगारातून सेक्टर पाचमधली पोरं असा लॅपटॉप घेतात. वॅटचा आकडा तुम्ही बिलावर लिहाल का, एवढंच विचारतो.

तुम्ही दुकान कुठे थाटलंय त्याचाही कधी विचार करा. ही वस्ती खाऱ्या दलदलीवर उभी आहे. युगोस्लाव्हियाच्या कंपनीने हुगळीच्या तळाचा गाळ नळांतून इथे आणून पसरला, आणि तिथल्याच तोश्कोविच नावाच्या वास्तुकाराने नकाशा आखला. पातळी मोजून, उतार मोजून घातलेली जमीन आहे ही. एएफ ब्लॉकमध्ये साहा इन्स्टिट्यूट आहे, शेजारी १९७७ पासून चालणारा सायक्लोट्रॉन आहे, जेडी ब्लॉकमध्ये सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचं केंद्र आहे. तिथली माणसं एखादा आकडा छापण्याआधी तो कशाने मोजला, चूक किती असू शकते, दुसऱ्याला तो तसाच मिळेल का, हे लिहितात. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण तुमच्या दुकानातून केबल आणि हार्ड डिस्क नेत असतील! आणि सेक्टर पाचमधल्या ज्या इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्लेक्सच्या जिवावर तुमचं दुकान चालतं, तिथे हजारो माणसांचं पोट अचूक आकड्यांवरच भरतं. अशा वस्तीत अर्धा आकडा झाकून धंदा करणं मला फार लागतं. मी इथला झालोय म्हणून लागतं.

पत्र मराठीत का, असं तुम्ही विचाराल. तुमच्यासाठी याचं बंगाली करून मी स्वतः आणून देणार आहे. पण मराठीत ते आधी छापलं जाणं गरजेचं होतं, कारण गीतांजली एक्स्प्रेसने पोराला इकडे पाठवणारे आईवडील तुमचं दुकान कधी बघणार नाहीत. त्यांनी पोराला फोनवर एवढंच विचारावं: ‘बिलावर मेमरीची जात लिहून घेतलीस का?’ आमच्याकडे बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. वजनकाटा, भेसळ, छापील किंमत यांवर त्यांनी दारोदार जाऊन माणसं जागी केली. गिऱ्हाइकाने विचारायचं असतं, हे आम्ही तिथे शिकलो. ग्राफिक्स कार्ड हा नवा माल असेल, विचारायचा हक्क जुना आहे.

तो हक्क कायद्यातही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मालाचा दर्जा, क्षमता, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि माल आहे त्यापेक्षा वेगळ्या दर्जाचा किंवा मॉडेलचा असल्याचं भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या क्रमांकावर आधी फोनही करता येतो. मुलाकडे बिल आहे, जीपीयू-झेडची छायाचित्रं आहेत, आणि तुम्ही कोणता व्हिडिओ दाखवलात ते त्याने त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलंय. लिहून ठेवायची सवय त्याला आहे, ती तुम्ही मघाशीच वाचलीत.

माझं मागणं असं. ते कार्ड परत घ्या आणि जीडीडीआर५ चं १०३० द्या. नसेल तर पूर्ण पैसे परत करा, ‘वापरलेला माल’ म्हणून कापाकापी न करता. यापुढे प्रत्येक बिलावर कार्डाच्या नावापुढे मेमरीची जात आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहा, लॅपटॉप असेल तर वॅट लिहा. आणि काउंटरवरच्या त्या मॉनिटरवर तुलना दाखवणार असाल, तर फडताळातून जे कार्ड देणार आहात तेच लावून दाखवा. तुमच्याकडे मॉनिटर आहे, यंत्र आहे, वीज आहे, दहा मिनिटं लागतील. तुम्हाला हवं असेल तर पहिल्या वेळी मी येऊन मोजायला मदत करतो, आणि निघालेले आकडे दोघांच्या सहीने तुमच्या काचेवर लावू.

येत्या शनिवारी संध्याकाळी मुलगा येईल. कार्ड, डबा आणि बिल त्याच्याकडे असेल. बोलायला मी सोबत असेन.

सॉल्ट लेकमधला एक मराठी रहिवासी